माझ्या झाडाची ऑक्टोबर छाटणी

पानं अजून लाल होती. लाल म्हणजे नुसती लाल नाही हं... कडेला जांभळी, मधे कोकमाच्या आगळासारखी, मधूनच एखादं केशरी, आणि उन्हासमोर धरलं की शिराशिरांतून उजेड झिरपतोय असं वाटायला लावणारी – आणि त्या लाल झुडपासमोर आमचे बाबा उकिडवे बसलेत, अंगात ऑफिसमध्ये फुकट मिळालेलं करडं फ्लीस जॅकेट, डोक्यावर आईनं जबरदस्तीनं घातलेली माकडटोपी, हातात लाल मुठीची सिकेटर. सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, नाशिककडे द्राक्षाच्या बागेत तिला सगळे असंच म्हणतात. कट्... कट्... आणि एकेक लाल फांदी गवतावर आडवी. थंडीत कापलेल्या ओल्या लाकडाला एक हिरवट, किंचित कडू वास येतो, तो माझ्यासाठी आजही ऑक्टोबरचा वास आहे. इथे अमेरिकेत बाकीच्यांच्या ऑक्टोबरला भोपळ्याचा आणि दालचिनीचा वास येत असेल. आमच्या ऑक्टोबरला हा.

आणि मी, नऊ-दहा वर्षांची, जॅकेटच्या बाह्यांत हात ओढून घेऊन शेजारी उभी. ते झाड माझं होतं ना. म्हणजे माझ्या नावाचं.

थांबा, आधी घर सांगते, नाहीतर काहीच कळायचं नाही. आमचं घर डब्लिनला, ओहायोतल्या, कोलंबसच्या शेजारच्या. सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी, सगळ्यांची गवतं एकाच उंचीची, आणि संध्याकाळी चालायला निघालं की दोन-चार घरं सोडून एखाद्या गॅरेजमधून फोडणीचा वास. मी चार वर्षांची असताना आम्ही अमेरिकेत आलो. नाशिकचं मला आठवतं ते अगदी चिंध्या-चिंध्यांत... जेवायला बसायचा एक निळा पाट, अप्पाकाकाच्या – म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाच्या – द्राक्षबागेतला औषध फवारल्याचा उग्र वास, आणि मांडवाखालची हिरवी सावली, ज्यात उभं राहिलं की आपले हातसुद्धा हिरवे दिसायचे. बस. एवढंच माझं नाशिक. मग बरीच वर्षं अपार्टमेंट, कार्पेट, खालच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा. आणि मग हे घर, आणि घरासमोर पूर्वेच्या भिंतीलगत मातीची एक रिकामी पट्टी, जिच्याकडे बघून बाबा म्हणाले होते, ‘आपली माती, यार!’ बाबा ‘यार’ फक्त खूप आनंद झाला की म्हणतात.

दुसऱ्याच शनिवारी आम्ही सगळे नर्सरीत. नर्सरीचा तो वास – ओल्या मल्चचा म्हणजे झाडाच्या बुंध्याशी पसरायच्या लाकडी भुश्याचा, प्लॅस्टिकच्या गरम कुंड्यांचा, आणि कुठेतरी पुदिना चुरडल्याचा. माझा भाऊ ईशान तेव्हा तीन वर्षांचा, इथेच जन्मलेला, ढकलगाडीत खत आणि मातीच्या पिशव्यांवर राजासारखा बसलेला. बाबांनी एका झुडपासमोर गाडी थांबवली आणि त्याच्या टॅगवरचा फोटो बघून ओरडलेच, ‘अगं हे बघ, घड! पांढरा घड!’ खरंच, त्या फोटोतलं फूल म्हणजे हुबेहूब द्राक्षाचा लांबट घड, फक्त पांढराशुभ्र, आणि फांदीवर आडवा बसलेला. पानंसुद्धा तशीच, हाताच्या पंज्यासारखी फाटलेली. बाबांनी खोडावरून नख फिरवलं तर सालीचा एक पातळ पापुद्रा सुटून आला. ‘साल पण तशीच सुटते! हा द्राक्षाचा भाऊच दिसतोय.’

तो भाऊ वगैरे नव्हता. तो होता ओकसारख्या पानांचा हायड्रेंजिया. आईला हे नाव आजतागायत जमलेलं नाही, ती त्याला ‘हाय-डेंजर’ म्हणते.

नर्सरीतली मुलगी – कॉलेजमधलीच असेल, नाकावर चिखलाचा ठिपका – धावत आली आणि म्हणाली, हे घ्याच, हे नेटिव्ह आहे.

आता गंमत बघा. आमच्या घरात ‘नेटिव्ह’ हा शब्द होताच, पण त्याचा अर्थ होता गाव. ‘जोशींचं नेटिव्ह कुठलं?’ ‘सातारा.’ असा. त्यामुळे आईनं अगदी सहज बाबांना विचारलं, ‘कुणाचं नेटिव्ह?’

‘झाडाचं गं. ह्याच देशातलं आहे ते.’

‘असं होय,’ आई म्हणाली, आणि मग त्या मुलीकडे वळून, खूप आपुलकीनं, ‘अँड व्हॉट इज युवर नेटिव्ह?’

मुलगी गोंधळली. ‘अं... ओहायो?’

‘म्हणजे दोघंही इथलीच,’ आई मला म्हणाली. ‘बरंय बाई. झाड आपल्या गावातच राहणार. त्याला परकं वाटायला नको.’

ईशाननं ‘मला पण! मला पण!’ म्हणून गाडीत थयथयाट केला, म्हणून त्याच्यासाठी शेजारचंच एक उचललं. तेही हायड्रेंजिया, तेही नेटिव्ह, पण दुसऱ्या जातीचं, साध्या गोल पानांचं, फोटोत पांढरे गोल-गोल गेंद. माझं डावीकडे, त्याचं उजवीकडे. त्या दिवशीचा खड्डा मला अजून दिसतो... डब्लिनची ती चिकणमाती, फावड्याला धरून ठेवणारी, सोडवताना ‘पच्च’ करणारी. आईनं दोन्ही खड्ड्यांत हळद-कुंकू टाकलं. बाबांनी मला माझ्या झाडाची मुळं धरायला दिली, आणि ती गार होती, ओली, केसांसारखी, आणि मला वाटलं मी एखाद्या प्राण्याला धरलंय.

आणि मग आला पहिला ऑक्टोबर.

बाबा कोडिंग करतात, दिवसभर दोन स्क्रीनसमोर बसतात, पण लहानपणी दसऱ्याच्या सुमाराला त्यांचं काम एकच – बागेत छाटणी. त्या बागेबद्दल बोलायला लागले की बाबांचा आवाजच बदलतो. फांदी नाही म्हणायचं, काडी म्हणायचं. कळी नाही म्हणायचं, डोळा म्हणायचं. काडीवर डोळे असतात, मागचे थोडे डोळे ठेवून पुढचं सगळं कापायचं, आणि पंधरवड्याच्या आत डोळे फुटतात, पोपटी, आणि त्या फुटीतूनच घड बाहेर येतो. ‘ऑक्टोबरला कापलं नाही तर द्राक्ष रुसतं,’ बाबा सांगायचे. ‘दयामाया दाखवायची नाही. जेवढं धीटपणानं कापाल तेवढं ते देतं.’

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. आमच्या किचनच्या ग्रॅनाइटवर पाट मांडलेला, त्यावर बाबांचा लॅपटॉप, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, आईची विळी, ईशानचा प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर, आणि सगळ्यांत पुढे, मधोमध, ती लाल मुठीची सिकेटर, जी बाबांनी भारतातून येताना स्वेटरांमध्ये गुंडाळून आणली होती. तिला हळद, कुंकू, आणि झेंडू मिळाला नाही तर दुकानातली पिवळी शेवंती. उदबत्तीच्या धुरानं स्मोक अलार्म वाजायचा. दर वर्षी! दर वर्षी आई टॉवेल घेऊन खुर्चीवर चढून त्याला वारा घालायची आणि बाबा खालून आरती म्हणत राहायचे.

आणि दसरा झाला की पहिल्या शनिवारी छाटणी. दोन्ही झाडांची. अगदी सारखी, अगदी प्रेमानं.

पुढच्या उन्हाळ्यात ईशानचं झाड फुललं... काय फुललं म्हणून सांगू! रव्याच्या लाडवांचं ताट भरून ठेवल्यासारखं. जूनच्या वळवाच्या पावसानं ते लाडू भिजून जड व्हायचे आणि सगळं झाड जमिनीवर लोळण घ्यायचं, मग आई तिच्या जुन्या कॉटनच्या ओढणीच्या पट्ट्या फाडून फांद्या बांधायची. ऑगस्ट संपेपर्यंत ते गेंद हिरवट व्हायचे, त्यातला एक गणपतीपुढे जायचा, आणि आई म्हणायची, ‘हे ईशानकडून.’ मग माझ्याकडे बघायची, आणि घाईघाईनं पुढे म्हणायची, ‘आणि हे मोदक सईकडून, वळलेत ना तिनं.’

माझ्या झाडाला पानं. मोठी, रुंद, मागून लव असलेली, सुंदर पानं. फक्त पानं.

मी रोज शाळेच्या बसमधून उतरले की आधी तिथे जायचे. दप्तर पाठीवरच. पानं बाजूला करकरून बघायचे, कुठे पांढरं दिसतंय का... कधीकधी पानाच्या मागची लव पांढरी चमकायची आणि मी पटकन ते पान उलटून बघायचे. बाबा ऑफिसमधून आले की मला तिथे बघून म्हणायचे, ‘नवीन आहे गं अजून, सयू. पुढच्या वर्षी नक्की.’

‘पुढच्या वर्षी नक्की’ हे वाक्य आमच्या घरात आणखी एका गोष्टीसाठी वापरलं जायचं. ग्रीन कार्ड. शनिवारी कुणी काका-काकू जेवायला आले की पुरणपोळीवर तूप पडता पडता तो विषय निघायचाच, तुमच्या अर्जाची तारीख कुठली, आमची कुठली, रांग किती सरकली, अरे सरकली कसली, मागे गेली! आणि बाबा तूप वाढता वाढता म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ मला लहानपणी वाटायचं ही दोन्ही एकच गोष्ट आहे. की ज्या दिवशी माझ्या झाडाला घड लागेल त्या दिवशी ते कार्ड पण टपालानं येईल. हसू नका. दहा वर्षांच्या मुलीला असलं काहीही वाटू शकतं. मी तर झाडाला रोज दुधाचा उरलेला घोट घालायचे. वाटीत राहिलेल्या सीरियलसकट.

ईशान सातेक वर्षांचा असताना त्याच्या वर्गात नेटिव्ह प्लँट्सचा प्रोजेक्ट होता. तो घरी आला, बूटसुद्धा न काढता जाहीर केलं, ‘ताई, गेस व्हॉट! माय बुश इज नेटिव्ह अँड आय ॲम नेटिव्ह!’

‘माझं झाड पण नेटिव्ह आहे,’ मी म्हणाले.

‘येस, बट यू आर नॉट!’

आई खो-खो हसली. ‘अरे, तिचं नेटिव्ह नाशिक. आणि तुझं पण नाशिकच, गधड्या. नेटिव्ह जन्मावर नसतं.’

‘देन व्हॉट इज इट ऑन?’ ईशाननं विचारलं.

बाबा डिशवॉशरमध्ये ताटल्या लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर वर्षभर तरी भांडण झालं की ईशानचं ठरलेलं हत्यार – जीभ काढून, कमरेवर हात ठेवून – ‘आय ॲम नेटिव्ह!’ आणि मी त्याला उशीनं बडवायचे. तेव्हा दोघांनाही ते फक्त चिडवणं वाटत होतं.

मग त्यानं ते म्हणणं बंद केलं. कधी बंद केलं मला आठवत नाही, पण का ते माहितीये. मोठा झाला, आणि त्यानं जेवणाच्या टेबलावरची बोलणी ऐकली. एकवीस पूर्ण झाली की आई-बाबांच्या व्हिसावरून मुलाचं नाव गळतं. ते दोघं रांगेत उभेच राहतात, ईशान इथे जन्मलेला, नागरिकच, त्याला रांगच नाही, आणि मी मात्र इतकी वर्षं त्यांचा हात धरून उभी असलेली... बाहेर. मग स्टुडंट व्हिसा. मग कॉलेजनंतर वर्षभर नोकरी करायची मुभा, आणि त्या वर्षात कंपनीनं तुमचं नाव कामाच्या व्हिसाच्या लॉटरीत टाकायचं. लागली तर राहायचं. नाही लागली तर बॅगा.

कॉलेज संपवून मी घरी आले तो गेल्या वर्षीचा उन्हाळा. कोलंबसमध्ये नोकरी लागली होती, कंपनी नाव टाकणार होती, आणि मी पुन्हा लहानपणच्या खोलीत, भिंतीवर अजून चिकटवलेले तारे, खिडकीखाली ती दोन झाडं. ईशानचं लाडवांनी वाकलेलं. माझं हिरवंगार, रिकामं.

जुलैतल्या एका संध्याकाळी मिस रूथ आली. मिस रूथ म्हणजे शेजारची आजी, निवृत्त शिक्षिका, एकटी राहते, आमच्या चकलीच्या बदल्यात झुकिनी ब्रेड देते. आम्ही सगळे बाहेर पायरीवर बसलो होतो. तिनं पानांवरून हात फिरवला, माझ्या झाडाच्या, आणि अगदी हळू, जणू काही फार खासगी विचारतेय अशा सुरात बाबांना म्हणाली, ‘यू नो, आय ऑल्वेज वंडर्ड. व्हाय डू यू कट ऑफ ऑल द फ्लॉवर्स?’

‘फ्लॉवर्स?’ बाबा म्हणाले. ‘नो नो. इट हॅज नो फ्लॉवर्स.’

‘वेल, नो,’ ती म्हणाली. ‘नॉट इफ यू कट देम एव्हरी ऑक्टोबर.’

मग तिनं समजावलं. ईशानचं झाड नव्या लाकडावर फुलतं. कितीही कापा, वसंतात नवी फूट येते, तिलाच फूल येतं. माझं जुन्या लाकडावर. ते उन्हाळा संपता-संपताच पुढच्या वर्षीची कळी तयार करून ठेवतं, फांदीच्या शेंड्याला, पानांच्या आड, आणि सगळा हिवाळा ती तशीच सांभाळतं. ऑक्टोबरमध्ये कापलं की संपलं.

‘पण तुम्ही बोलला का नाहीत?’ मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता. ‘इतकी वर्षं बघत होतात!’

तिला खरंच वाईट वाटलं. ‘ओ हनी. आय थॉट यू जस्ट लाइक्ड द लीव्ज.’

आम्हाला फक्त पानंच आवडतात असं तिला वाटलं होतं. दुसऱ्याच्या झाडाबद्दल कशाला बोला... भली बाई आहे ती. मला तिच्यावर रागावताही येत नाही.

ती गेल्यावर बाबा उठले आणि झाडाजवळ गेले. शेंड्याची पानं बाजूला केली, चष्मा कपाळावर सरकवला. आईनं आत यायला सांगितलं, चहा ठेवला म्हणाली. बाबा तिथूनच, पाठमोरे, म्हणाले, ‘डोळे कापत होतो मी.’

‘काय?’

‘द्राक्षात आपण डोळे मागे ठेवून पुढचं कापतो गं. ह्याचा डोळा शेंड्यालाच असतो. मी दर वर्षी... डोळेच कापत होतो पोरीच्या झाडाचे.’

‘अहो, झाड आहे ते,’ आई म्हणाली.

चहा गार झाला.

त्या ऑक्टोबरला खंडेनवमीला सिकेटरची पूजा झाली, स्मोक अलार्म वाजला, आई खुर्चीवर चढली, सगळं तसंच. आणि शनिवारी बाबा जॅकेट घालून, माकडटोपी घालून बाहेर गेले, ईशानचंही झाड सोडून दिलं, आणि दोन्ही हात खिशात घालून नुसते उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. माझं झाड पहिल्यांदाच पूर्ण लाल झालं. मला माहीतच नव्हतं की ते नोव्हेंबरात आणखी गडद होतं... जवळजवळ काळं, सुकलेल्या द्राक्षासारखं. मग पानं गळली, आणि काड्यांच्या टोकांना त्या कळ्या दिसल्या. मऊ, तपकिरी, मांजराच्या पंज्यासारख्या मिटलेल्या. बर्फ पडायचा तेव्हा प्रत्येक टोकावर एक पांढरा ठिपका बसायचा. बाबा सकाळी ऑफिसला निघताना गाडी गरम होईस्तोवर तिथे उभे राहायचे आणि हातमोजा काढून एकेका कळीला बोट लावायचे. ‘जिवंत आहे,’ घरात येऊन सांगायचे, आम्ही विचारलं नसतानाही. ‘सगळे डोळे जिवंत आहेत.’

जूनमध्ये फुलणार होतं. लॉटरीचा निकाल मार्चअखेरीस. तुम्हाला सांगते, मी पुन्हा दहा वर्षांची झाले. पुन्हा तेच, ह्याला घड लागला म्हणजे मी राहणार. कुणाला बोलले नाही. पण मला वाटतं घरात सगळेच मनातल्या मनात तेच करत होते, कारण आई एकदा पोळ्या लाटता लाटता मधेच म्हणाली, ‘यंदा दोन्ही होईल बघ,’ आणि कुठलं दोन्ही, हे कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि हरणं आली. हरणं तशी नेहमीचीच, मागच्या झाडीतून येतात, आई पडद्याआडून फोटो काढून भारतातल्या ग्रुपवर टाकते, ‘आमच्या अंगणात हरीण!’, आणि तिकडून हात जोडलेले इमोजी येतात. त्या दिवशीही तिनं टाकला. तीन हरणं, मऊ कानांची, सकाळच्या धुक्यात, इतकी देखणी. फोटो पाठवून झाल्यावर तिनं तो मोठा करून बघितला.

आम्ही बाहेर धावलो तेव्हा ती निघून गेली होती. माझ्या झाडाची एकूणएक टोकं खाल्लेली. वरची, मधली, भिंतीकडची सुद्धा. फाटलेली, ओली, चघळल्यासारखी टोकं. ईशानचंही खाल्लं होतं, पण त्याच्या झाडाला काय, ते पुन्हा फुटतं.

बाबा एक टोक बोटांत धरून बघायला वाकले आणि, देवाशपथ, हसायला लागले. ‘झाली छाटणी! मी नाही केली तर हरणांनी केली. काय सफाई आहे बघ!’ आईही हसली. मग तिनं तोंडावर पदर घ्यावा तसं स्वेटशर्टची बाही तोंडावर धरली आणि आत निघून गेली.

मिस रूथ गाउनवरच कुंपण नसलेल्या त्या गवतावरून आली. ‘ओ नो. दे जस्ट लव्ह दोज बड्स,’ ती म्हणाली. ‘आय शुड हॅव टोल्ड यू अबाउट द डिअर.’

त्याच आठवड्यात कंपनीतून फोन आला. लॉटरीत माझं नाव नव्हतं. मॅनेजर फार चांगली आहे, तिचाच आवाज भरून आला होता, मलाच तिला ‘इट्स ओके’ म्हणावं लागलं.

आता मे संपत आलाय. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझं विमान आहे. नाशिकला, अप्पाकाकाकडे. आधी तिथे, मग पुण्यात वगैरे नोकरी बघेन. सगळे म्हणतात, अगं आपलाच देश तो, आणि ते खरंच असेल, पण मला तिथला एक निळा पाट आणि हिरवी सावली याखेरीज काही आठवत नाही, आणि अप्पाकाका फोनवर म्हणाला, पाट कधीच मोडला, मांडवही नवा घातलाय. माझं नेटिव्ह. मी हा शब्द स्वतःशी म्हणून बघते... आईचा अर्थ घेऊन, मग ईशानचा अर्थ घेऊन. कुठलाच तोंडात नीट बसत नाही.

काल बाबा आणि ईशाननं माझ्या झाडाभोवती तारेची जाळी लावली. हरणांसाठी. ईशान सतरा वर्षांचा झालाय, बाबांपेक्षा उंच, तो खुंट धरून उभा होता आणि बाबा हातोडी मारत होते. झाडाला आता पानं आलीत, तीच, मोठी, रुंद, मागून लवेची, आणि कुठेही कळी नाही. मी नीट बघितलंय. बसमधून उतरल्यासारखी रोज बघते. शेजारी ईशानच्या झाडाला बारीक हिरवे गेंद धरायला लागलेत.

‘ताई, आय विल सेंड यू पिक्स,’ ईशान म्हणाला. ‘नेक्स्ट इयर. व्हेन इट डझ.’ मग खाली बघत, तुटक-तुटक मराठीत, जी तो फक्त आजारी पडला की बोलतो, ‘मी बाबांना कापू देणार नाही. प्रॉमिस.’

‘पुढच्या वर्षी नक्की,’ बाबा म्हणाले. सवयीनं निघून गेलं ते तोंडातून. मग त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि विषय बदलायला म्हणून सांगायला लागले, ‘तू ऑक्टोबरला अप्पाकडेच असशील ना? छाटणीला उभी राहा हं. बघण्यासारखं असतं. आज सगळी बाग बोडकी, आणि पंधरवड्यात सगळीकडे पोपटी डोळे. कितीही कापलं तरी फुटतं, सयू. द्राक्षाचं असंच असतं.’

मी ‘हो’ म्हणाले. द्राक्षाचं असंच असतं, हे मला माहितीये. मी लहानपणापासून ऐकतेय.

जाळीचं ते गोल झाडापेक्षा बरंच मोठं झालंय, दोन्ही बाजूंनी हातभर रिकामी जागा. आईनं दारातून विचारलं, ‘अहो, एवढं मोठं कशाला केलंत?’

‘वाढेल ना आता ते,’ बाबा म्हणाले. ‘आता कुणी कापणार नाहीये त्याला.’

आत्ता हे लिहिताना बाहेर पाऊस लागलाय. खिडकीतून खाली दिसतंय... जाळीचं रुंद गोल, तारेवरून ओघळणारे थेंब, आणि आत मधोमध माझं झाड, नुसत्या पानांचं.